दगडालाही सांगते

२ फेब्रुवारी १९८६, रविवार

गंजगोलाईच्या बाजारात डाळ घ्यायला गेले होते. श्रीमंतच्या कॅसेटच्या दुकानावरून जाताना पाय जागीच थांबले. बाहेरच्या स्पीकरमधून कुणी बाई म्हणत होती:

बाभळीची झोळी, वारा झोका देतो
नीज माझ्या राणी, ढग येतो येतो

हे यांचं गाणं. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही औशाच्या रस्त्यावर खडी फोडायला होतो, तेव्हा यांनी केलेलं. बाळाची झोळी बाभळीला असायची. मी फोडायची, हे पाट्या वाहायचे आणि येता-जाता झोळीला झोका देत म्हणायचे. आठवड्याभरात सगळ्या बायांच्या तोंडी झालं. लेकरं निजवायला त्या माळावर दुसरं होतं काय?

इतक्या वर्षांत ते कुठून ना कुठून कानावर येतच राहिलं. शेजारी म्हणतात, माझ्या शाळेतल्या पोरी बाहुल्यांना म्हणतात. मी उठून आत जाते. आज उभी राहिले, कारण दुसरं कडवं चुकलं होतं. खरं असं आहे:

आई बसली खडीला, घाव जपून घालते
तुझी झोप मोडू नये, दगडालाही सांगते

ही बाई म्हणाली, "आई निजली मातीत, माती पांघरून घेते." कानाला लागेल ते म्हणतात लोक. अभद्र वाटलं. पुढं निघणार, तेवढ्यात तिनं तिसरं कडवं घेतलं. यांचं गाणं दोनच कडव्यांचं.

पाटाला आलं पाणी, केळीखाली सावली गं
सहा बोटांची पावलं ओल्या वाटेत दिसली गं

आमच्या बाळाच्या डाव्या पायाला सहा बोटं होती. मला ठाऊक, अव्वाला म्हणजे सासूबाईंना ठाऊक, यांना ठाऊक. चौथ्या कुणाला कशाला असेल? सात महिन्यांचं लेकरू. त्याचा पाय कधी जमिनीला लागला नाही, वाटेत उमटायचा कुठून?

लातूरला कुठला पाट आणि कुठल्या केळी. हे यांनी इथून गेल्यावर केलंय. कुठंतरी पाण्याजवळ बसून केलंय. म्हणजे हे आहेत.

डाळ आणायची राहूनच गेली.

३ फेब्रुवारी

कॅसेट आणली. शेजारच्या नीलाबाईंचा टेप मागून आणला आणि अव्वाला ऐकवली. बाळ गेल्यावर सव्वा महिन्यानं हे "नांदेडकडं काम बघून येतो" म्हणून गेले, तेव्हापासून आम्ही दोघीच. मी डी.एड. केलं, जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले, अव्वानं घर सांभाळलं. आईनं करावं तसं केलं, हे लिहिलंच पाहिजे.

तिसरं कडवं आलं आणि अव्वा म्हणाली, "बंद कर ते."

"अव्वा, सहा बोटं! ऐकलं का? हे आहेत कुठंतरी."

"कुणीबी जोडलं असंल. बंद कर म्हणलं ना."

जेवली नाही. बाळाची आठवण आली असणार. मीच घाई केली. अलीकडं ती आधीसारखी राहिली नाही. पूर्वी दर साली हट्टानं माळेगावच्या यात्रेला जायची. एकटी बाई, पण माझ्याकडून गठुडंभर धपाटे आणि शेंगाची चटणी करून घ्यायची, आणि परत आली की महिनाभर तरतरीत असायची. चार-पाच सालांपासून गुडघ्याचं निमित्त सांगून तेही सोडलं. सिद्धेश्वराच्या पायऱ्या मात्र चढते.

९ फेब्रुवारी

श्रीमंतकडं जाऊन आले. माणूस सरळ आहे. लातूर जिल्हा झाल्याला हे चौथं वर्ष. अजून अर्ध्या कचेऱ्या भाड्याच्या घरात आहेत आणि पाट्यांवरचं "तालुका" खरवडून "जिल्हा" रंगवलंय, पण हौस मोठी. एक मेला जिल्ह्याच्या गाण्यांची कॅसेट काढायचं त्याच्या मनात आहे. पहिलं गाणं हेच. कव्हरचा नमुना दाखवला. गाण्यापुढं लिहिलं होतं: पारंपरिक.

"हे माझ्या मालकांनी केलंय," मी म्हटलं.

"खरं सांगता बाई? मी तर माझ्या आजीच्या तोंडून ऐकलंय."

"तुमची आजी आमच्या शेजारी खडी फोडायला असेल."

तो हसला. "नाव लावतो की. माझं काय जातंय? पण उद्या दुसरा कुणी उठला तर? वकिलाकडून एवढं लिहून आणा, गाण्यावर अजून हक्क आहे का न्हाई, आन् आसला तर कुणाचा."

नांदेडच्या एका गाणाऱ्या बाईचा आवाज आहे म्हणाला. तिनं हे अर्धापूरच्या केळीच्या मळ्यातल्या बायांकडून उचललं. अर्धापूर. मी घरी येईपर्यंत ते नाव मनात घोळवत होते.

१३ फेब्रुवारी

शाळा सुटल्यावर सिद्धलिंग वकिलांकडं गेले.

"माझ्याकडं बांधाचे दावे येतात बाई. गाण्याचा पहिलाच. त्याला बांध कुठं घालायचा ते आधी वाचून ठेवलंय." जाड पुस्तकात खुणेचे कागद घातले होते. "हे बघा. गाणं परंपरेनं आलेलं, कुणाचंच नसेल, तर कुणीही गावं, कुणीही विकावं. एका माणसानं केलेलं असेल, तर तो जिवंत आहे तोवर त्याचं आणि तो गेल्यावर पुढं पन्नास वर्षं त्याच्या वारसांचं. कुणी केलं ते तुम्ही सांगितलं. साक्षीदार मिळतील, त्या खडीवरच्या बाया आहेत अजून. आता दुसरी गोष्ट. तो माणूस आहे का?"

"आहेत."

"कुठं?"

"ते माहीत नाही."

"शेवटची खबर कधी?"

"त्र्याहत्तर साली गेले तेव्हा."

वकिलांनी चष्मा काढून पुसला. "ज्यांना खबर असायला पाहिजे त्यांनाही सात वर्षं नसली, तर कोर्ट माणसाला मयत धरू शकतं. मग तुम्ही वारस. तुमची सही चालेल. पण त्यातही एक मेख आहे. मेला, एवढं कोर्ट धरून चालेल. कधी मेला, ते कोर्ट धरून चालत नाही. ते आपण दाखवायचं. आणि पन्नास वर्षं तिथूनच मोजायची."

गाण्यावरचा हक्क जिवंत आहे का, एवढंच विचारायला गेले होते. ते येऊन माझ्या कुंकवापाशी थांबलं.

"विचार करून सांगते," म्हणून उठले. काय विचार करायचाय? यांचं नाव लागावं म्हणून यांनाच मेलं म्हणायचं?

१६ फेब्रुवारी

रथसप्तमी, संक्रांतीचं शेवटचं हळदीकुंकू. नीलाबाईंकडं बोलावणं होतं. मला जायचं नव्हतं. अव्वानंच पाठीमागं लागून पाठवलं. हिरव्या बांगड्या स्वतः काढून दिल्या. परत आले तर दारातच बसलेली. मला समोर बसवून माझ्या कपाळाकडं बघत राहिली.

"काय अव्वा?"

"काय न्हाई. चांगलं दिसतंय."

तिचं स्वतःचं कपाळ एकविसाव्या वर्षी पुसलं गेलं. अशा दिवशी तिला वाईट वाटत असेल. पुढच्या साली हळदीकुंकू बाहेर करायचं नाही, एवढं ठरवलं.

१ मार्च

नळाला पाणी येऊन आठवडा होऊन गेला. टँकरवर भांडणं. शाळेतल्या निम्म्या पोरी रांगेत घागरी धरायला बसतात.

वकिलांनी निरोप पाठवून बोलावलं होतं. आज खुशीत होते. "गाणं कुठं छापलं होतं का?"

"नाही. खडीवर म्हटलं."

"चार लोकांत म्हटलं ना? मग कायद्याच्या नजरेत ते प्रसिद्ध झालं. छापलं नसलं तरी चालतंय!" जणू त्यांचंच गाणं. मग आवाज खाली आला. "उद्या वारस म्हणून यायची वेळ आलीच, तर तुमच्या बरोबरीनं आईपण वारस. त्यांचा अंगठा लागेल."

घरी येऊन अव्वाला सांगितलं. ती जात्याशी बसली होती. हात थांबला.

"मी न्हाई देणार अंगठा."

"अव्वा, मीही देणार नाही. हे मेलेत असं मी कशाला लिहून देऊ? मी फक्त सांगतेय."

"गाणं लोकांचं झालंय. लोकांचंच ऱ्हाऊ दे. कशाला उकरायचं?"

मला राग आला. पोटच्या पोराचं नाव गाण्याला लागावं असं आईला वाटू नये? आपणच अर्धापूरला जायचं ठरवलं. अव्वाला सांगायचं नाही. हे भेटले तर बरोबरच घेऊन येईन. नाही आले तरी सही यांचीच लागेल, म्हणजे वारसाबिरसाची भानगडच नको.

२१ मार्च

रविवारी जाते. शाळेचं काम म्हणून सांगितलंय. अव्वाच्या जेवणाचं नीलाबाई बघतील.

यांना बघितल्यावर काय बोलायचं? तेरा वर्षांचं काय काय सांगायचं, किती वेळा मनात मांडून ठेवलं होतं. आता एकही वाक्य आठवत नाही. माझे केस पांढरे झालेत. यांना ओळखू येईल ना?

२४ मार्च

काल लिहिणं झालं नाही. आज लिहिते, नाहीतर कधीच लिहिणार नाही.

सकाळच्या गाडीनं निघाले. अहमदपूर, माळेगाव, लोहा, सगळीकडं रान भाजून निघालेलं, विहिरींच्या तोंडाशी बाया. नांदेडला गाडी बदलली. अर्धापूर आलं आणि दोन्ही अंगांना हिरवं दिसायला लागलं. केळीच केळी. पाटात पाणी होतं.

स्टँडवरच्या चहावाल्याला विचारलं, "सहा बोटांच्या पावलांचं गाणं कोण म्हणतं इथं?"

"समद्या बाया म्हणत्यात की. लातूरच्या अप्पांचं गाणं. तुमी पावणे का? कस्तुराबाईच्या मळ्यात जावा."

लातूरचे अप्पा! मी पाटावर बसून तोंड धुतलं. पिशवीतून आरसा काढून कुंकू नीट केलं. पदर नीट केला. हे लिहिताना आता माझीच मला कीव येते.

मळ्यात एक बाई केळीची वाळलेली पानं उतरवत होती. माझ्याच वयाची. कपाळ मोकळं.

"बसवंत लातूरकर इथं राहतात का?" आयुष्यात पहिल्यांदा यांचं नाव उखाण्याशिवाय घेतलं.

तिनं विळा खाली ठेवला. "तुमी कोन त्यांच्या?"

"मी महानंदा. त्यांची बायको."

ती माझ्या तोंडाकडं, मग कुंकवाकडं, मग मंगळसूत्राकडं बघत राहिली.

"महानंदा तर वारली," ती म्हणाली. "लेकरासंगंच वारली. दुष्काळात."

मला वाटलं, चुकीच्या मळ्यात आले. मी म्हटलं, "अहो, मी ही समोर उभी आहे."

ती मटकन बांधावर बसली. हातानं तोंड झाकून घेतलं. मी तिथंच उभी. पाटाचं पाणी तेवढं वाजत होतं.

"ते कुठं आहेत?" मी विचारलं.

तिनं हात केला. विहिरीपलीकडं लिंबाखाली एक ओटा होता. त्यावर विभूतीची बोटं ओढलेली, बेल वाहिलेला.

"एक्क्याऐंशीच्या दिवाळीआधी गेले. कावीळ झाली व्हती. नांदेडच्या दवाखान्यात नेलं, पर उशीर झाला."

मी ओट्यापाशी गेले नाही.

तिनं हाताला धरून मला सावलीत बसवलं, पाणी दिलं. ती कस्तुराबाई. नवरा गेल्यावर दिराशी भांडून स्वतःच्या वाट्याचा मळा करत होती. त्र्याहत्तर साली हे पाणी धरायला कामाला राहिले. दोन वर्षांनी एका चुलीवर आले. लग्न नाही, लेकरू नाही. गावानं आधी नावं ठेवली, मग अप्पा म्हणायला लागले. यांनी तिला सांगितलं होतं, बायको आणि लेकरू दोघंही खडीवर गेली.

"म्हणून दुसरं कडवं बदललं का?" मी विचारलं. तिला कळलं नाही. मी मूळ कडवं सांगितलं, आई बसली खडीला. तिनं ते कधीच ऐकलं नव्हतं. यांनी मला गाण्यात आधी पुरलं, मग लोकांना सांगितलं.

तिनं यांच्यासाठी दुसऱ्यांदा कुंकू पुसलं. मी यांच्यासाठी लावत राहिले.

"मला खरंच ठावं न्हवतं ओ अक्का," ती रडत म्हणाली. "आईनीबी कधी सांगितलं न्हाई."

"कुणाच्या आईनं?"

"त्यांच्या. माळेगावच्या जत्रेला दर साली यायच्या की. आमी तिथंच भेटायचो. माती द्यायलाबी आल्या व्हत्या. इधी करायला जंगमाला त्यांनीच संगं आणलं."

त्या दिवाळीआधी अव्वा उदगीरला भावाकडं गेली होती. मला तसंच सांगितलं होतं. येताना तिचे डोळे सुजले होते, आणि भाऊ आजारी आहे म्हणून मी त्याच्यासाठी उपवास धरला होता.

मुक्काम तिथंच केला, शेवटची गाडी निघून गेली होती. तिनं भाकरी केली. मी खाल्ली. निघताना मी तिला कशासाठी आले होते ते सांगितलं, गाणं, वकील, हक्क. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी आता ते गाणं आमी म्हणायचं न्हाई का?"



२५ मार्च

होळी. घरी पुरण नाही. अव्वानं विचारलं नाही. मी बोलले नाही. माझ्या चपलांना अजून त्या मळ्याची माती आहे, ती तिनं बघितली.

३० मार्च

आज बोलले. पाच दिवस शब्द जुळवत होते आणि शेवटी भाकरी थापता थापता तोंडातून एवढंच निघालं, "अव्वा, त्यांना माती देताना मोठ्यानं रडायला तरी मिळालं का तुम्हाला?"

ती भिंतीला टेकली. नाही म्हणाली नाही. कोण म्हणालं, कुणी सांगितलं, काही विचारलं नाही.

"जत्रेत घावला मला," ती म्हणाली. "तू मास्तरीण व्हायला बीडला गेलतीस त्या साली. पाया पडला. म्हणला, अव्वा, तिला सांगू नको. तिच्या तोंडाकडं बघितलं की मेलेलं लेकरू हातात येतंय माझ्या."

बाळाला हगवण लागली तेव्हा हे उन्हातून औशाच्या डॉक्टरकडं तिला खांद्यावर घेऊन पळत गेले होते. परत आले तेव्हाही ती खांद्यावरच होती. मी त्यांना एका शब्दानं बोलले नव्हते. बोलायला पाहिजे होतं का? रडून, ओरडून, छातीवर बुक्क्या मारून?

"दर साली म्हणायची मी, घरी चल. दर साली म्हणायचा, पुढल्या साली येतो अव्वा. मी म्हणायची, येईल. आज ना उद्या येईल. तवर पोरीचं मन कशाला मोडा?"

"आणि गेल्यावर? गेल्यावर का नाही सांगितलं?"

ती माझ्याकडं बघत राहिली. "मला एकविसाव्या वर्षी अंगणात बसवून बांगड्या फोडल्या. चुलतसासूनं कपाळ पुसलं. तिचं बोट आजून हाय माझ्या कपाळावर. तुझं पुसायला माझाच हात पुढं करायचा का? मला न्हाई जमलं. आन् तुझं कुंकू बघितलं की वाटायचं, आजून हाय. कुटंतरी हाय."

"मला सगळ्या गावाच्या हळदीकुंकवाला पाठवत होता तुम्ही."

"हाव."

"मी तुम्हाला यात्रेचे धपाटे बांधून देत होते."

"त्यानंच खाल्ले," अव्वा म्हणाली. "सगळे त्यानंच खाल्ले. मला एकबी देत न्हवता."

तव्यावरची भाकरी जळाली. मी अंगणात जाऊन बसले. काय करावं कळेना. या बाईला सोडून जावं असं वाटलं. पण जायचं कुठं, आणि तिला कुणाच्या हवाली करायचं? वर हेही वाटलं की शेवटपर्यंत यांनी माझ्या हातचं खाल्लं. मग त्याचाच राग आला.

१० एप्रिल

पाडवा. गुढी उभारली नाही. आंघोळ करून कुंकू लावलं नाही. मंगळसूत्र डब्यात ठेवलं. कुणी पुसलं नाही, कुणी फोडलं नाही. मीच.

नीलाबाई साखरेची गाठी घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. "अगं बाई! कधी?"

"एक्क्याऐंशी साली."

त्या हिशेब करायला लागल्या, ते मला डोळ्यांत दिसलं. मधली सगळी हळदीकुंकवं, त्यांच्या सुनेची ओटी मी भरली होती ती. गाठी उंबऱ्यावर ठेवून गेल्या. त्यांना मी दोष देत नाही. टेप परत न्यायला त्यांनी पुतण्याला पाठवलं.

१९ एप्रिल

अव्वाला घेऊन वकिलांकडं गेले. अव्वा आपणहून आली. नांदेडच्या दवाखान्यातून यांच्या मृत्यूचा दाखला कस्तुराबाईनं काढून पाठवला होता. वकिलांनी तो दोनदा वाचला. माझ्या कपाळाकडं बघून नजर खाली घेतली. मग अगदी हळू आवाजात सांगितलं, "एक्क्याऐंशी. म्हणजे बाई, दोन हजार एकतीस साल संपेपर्यंत गाण्यावर हक्क आहे. तुमचा आणि आईंचा."

"ती दुसरी बाई?"

"लग्न नाही. कायद्यानं तिला काही नाही."

"तिनं त्यांचं दुखणं काढलं."

"कायदा दुखणं विचारत नाही."

"मग हे लिहा. अर्धापूरच्या मळ्यातल्या बायांनी गाणं म्हणायला कुणाला विचारायचं नाही. कधीच नाही."

"कामात म्हणायला, लेकरू निजवायला तसंही कुणी अडवू शकत नाही."

"तरी लिहा. तिनं मला विचारलं होतं."

त्यांनी लिहिलं. अव्वानं अंगठा दिला. मी सही केली.

श्रीमंतही आला होता. त्याला गाणं नव्यानं भरून घ्यायचंय. त्यानं विचारलं, "दुसरं कडवं कोणतं घ्यायचं बाई? मातीचं का खडीचं?" वकील म्हणाले, दोन्ही कवीनंच केलेली, दोन्ही खरी, निवड तुमची.

यांना शेवटी जे म्हणायचं होतं ते मातीचं. कवीचं शेवटचं ऐकावं असं माझ्यातली शिक्षिका म्हणत होती. पण मी त्या माळावर बसले होते. हाताला फोड आले होते. लेकरू गेल्यावर दुसऱ्या दिवशीही बसले, कारण हजेरी लावल्याशिवाय खायला सुकडी मिळत नव्हती. मी मेले नव्हते.

"खडीचं घ्या," मी म्हटलं.

२ मे

कॅसेट काल निघाली. गाण्यापुढं यांचं नाव आहे. शाळेतल्या मोठ्या बाईंनी कव्हर वाचलं आणि म्हणाल्या, "छान झालं हो." मग माझ्या मोकळ्या कपाळाकडं बघून वर्गाकडं निघाल्या. घरी आणून ठेवलीय. ऐकली नाही.

१८ मे

अव्वाला घेऊन अर्धापूरला आले. तिनंच लावून धरलं होतं, गुडघे जायच्या आधी एकदा ने म्हणून. रस्ताभर आम्ही फार बोललो नाही. अजून आमच्यात आधीसारखं काही नाही. बहुतेक होणारही नाही. पण अहमदपूरला तिला गाडीतून उतरवताना मी हात दिला आणि तिनं तो नंतर सोडला नाही.

मळ्यात शिरायला पाटावरची फळी ओलांडावी लागते. अव्वाला जमेना. कस्तुराबाई पलीकडून आली. एका हाताला ती, एका हाताला मी.

आज मी ओट्यापाशी गेले. बसले. भांडायला खूप होतं, पण तिथं नुसती माती आणि बेलाची वाळलेली पानं. कुणाशी भांडायचं? थोड्या वेळानं रडू आलं. बायकोचं रडणं होतं का, ते सांगता येणार नाही. मी फोडलेली खडी ज्यानं वाहिली त्या माणसासाठी होतं.

कस्तुराबाईनं एक दगड आणून ठेवला होता, काळा, घासून गुळगुळीत केलेला. पाथरवटही बोलावला होता. इतकी वर्षं दगड तसाच पडला होता म्हणाली. कुणाचा कोण म्हणून लिहायचं, हे तिला ठरवता येत नव्हतं. "तुमी सांगा अक्का. तुमचा मान हाय."

मी पाथरवटाला यांचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, साल सांगितलं. कुणाचा नवरा हे घालू नका म्हटलं. कस्तुराबाईनं मान हलवली.

मग ती ओट्याकडं बघत म्हणाली, "एक इचारू का? लेकराचं नाव काय व्हतं? जल्मभर पोरीचं गाणं म्हणले, पर नाव न्हाई घेतलं कधी. मी लई बार इचारलं. उठून पाटावर जायचे."

आम्ही तिला खडीच्या ढिगाऱ्यामागं पुरलं होतं. त्या जागेवरून आता औशाचा डांबरी रस्ता गेलाय. मीही तिचं नाव घेतलेलं नाही, कुणापुढंच नाही, या वहीतसुद्धा नाही.

"गौरम्मा," मी म्हटलं. "आम्ही गौरा म्हणायचो."

"गौरा," कस्तुराबाई म्हणाली. मग पुन्हा एकदा, स्वतःशीच, "गौरा."

पाथरवटानं विचारलं, हे पण घालायचं का, म्हणजे खाली बारीक अक्षरात बसवतो.

माझ्या आधी अव्वाच बोलली. काठी टेकून उभी राहिली होती ती.

"बारीक न्हाई," ती म्हणाली. "बापाएवढंच घाला."